ओढ्याची वीज, उन्हाची वीज

दिवेलागण

दिवस मावळला. गुरे गोठ्यात आली. चुली पेटल्या. आता घरात उजेड हवा. पोरांना अभ्यास करायचा आहे. आईला भाकरी थापायची आहे. एखाद्या घरी बाळंतीण आहे. कुणाच्या अंगणात विंचू निघतो, कुणाच्या दारात साप येतो. अशा वेळी उजेड म्हणजे चैन नव्हे. उजेड म्हणजे गरज.

शहरात बटण दाबले की दिवा लागतो. मोठ्या गावांतही आता विजेचे खांब आले आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने ‘सौभाग्य’ नावाची योजना सुरू केली. घरोघर वीज द्यायची, हा तिचा हेतू. पुष्कळ घरांना तारेची वीज मिळाली. पण काही वाड्या, काही पाडे डोंगराच्या पार पलीकडे. वाटेत दरी, वाटेत जंगल. दहा-वीस घरांसाठी तिथे खांब न्यायचे तर खर्च फार. वादळात खांब पडला, तर दुरुस्तीला माणूस येईपर्यंत आठवडा जातो.

अशा दूरच्या घरांना त्याच योजनेत उन्हावर चालणारा संच देण्याची सोय होती. संच २०० ते ३०० वॅटचा. त्यावर पाच दिवे, एक पंखा. पाच वर्षे त्याची देखभालही होणार होती.

पण पाच वर्षे काय, बघता बघता सरतात. मग पुढे काय? संच कुणी सांभाळायचा? बॅटरी बसली तर पैसे कुणी द्यायचे? हाच खरा प्रश्न आहे. वीज आणणे अवघड, पण वीज टिकवणे त्याहून अवघड. म्हणून आज आपण दोन्ही गोष्टी समजून घेऊ. गावाची वीज तयार कशी होते, आणि ती टिकते कशी.

बिलगावची गोष्ट

आधी एक खरी गोष्ट सांगतो.

आपल्या महाराष्ट्राच्या वरच्या टोकाला नंदुरबार जिल्हा आहे. त्यात अक्राणी तालुका. धडगाव हे तिथले मुख्य ठिकाण. सगळा मुलूख सातपुड्याच्या डोंगरांचा. वस्ती आदिवासींची. गाव म्हणजे एका जागी घरे नव्हेत. या टेकडीवर एक पाडा, त्या टेकडीवर दुसरा पाडा. तिथे उदई नावाची नदी आहे. ती पुढे नर्मदेला मिळते. या नदीकाठी बिलगाव आहे. गावाजवळ नदी उंचावरून खाली उडी घेते. छान धबधबा आहे.

गावात वीज नव्हती. आणि धबधबा तर पिढ्यान्पिढ्या रात्रंदिवस कोसळत होता. जणू कुणी धान्याच्या कणगीवर बसून उपाशी राहावे!

मग केरळातून काही इंजिनियर आले. त्यांना लहान ओढ्यांवर वीज तयार करण्याची विद्या अवगत होती. नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते मदतीला होते. पण मुख्य काम केले ते गावकऱ्यांनी. पाड्यापाड्यांवरून बायका-पुरुष श्रमदानाला आले. दगड वाहिले, वाळू वाहिली. बंधारा घातला, पाट खणला, टाकी बांधली. २००३ सालच्या आरंभी बिलगावात दिवे लागले. पंधरा किलोवॅटचे, म्हणजे पंधरा हजार वॅटचे ते वीजघर होते. गाव करील ते राव काय करील, म्हणतात ते खोटे नाही.

२००४ साली ‘स्वदेस’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात गावकरी पाण्यावर वीज तयार करतात. त्या गोष्टीमागे बिलगावची प्रेरणा होती, असे सांगतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचे पाणी ज्या मुलखात चढत गेले, त्याच मुलखातला हा गाव. २००६ च्या पावसाळ्यात मोठा पूर आला. गावाने घाम गाळून उभारलेले वीजघर त्या पाण्यात गेले. तीन-साडेतीन वर्षांचा उजेड एका पुराने विझला.

ऐकून वाईट वाटते. आम्हांलाही वाटले. पण यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, अडाणी म्हणवणारी माणसेसुद्धा आपली वीज आपण तयार करू शकतात. दुसरी, वीजघर कुठे बांधायचे हे ठरवताना पुराची रेषा आधी बघावी. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, ‘तुमच्या आठवणीत पाणी कुठवर चढलं होतं?’ त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या चांगले वर यंत्र बसवावे. तरी पाण्यापुढे कधी कधी माणसाचे चालत नाही, हेही खरे.

ओढ्यातून वीज निघते कशी?

विजेचे मर्म सोपे आहे. चाक फिरवायचे. त्या चाकाला जनित्र जोडायचे. जनित्र फिरले की वीज निघते. सायकलच्या चाकाला लावलेला डायनामो आठवा. चाक फिरले की पुढचा दिवा लागतो. तेच काम इथे. फक्त पाय मारायचे काम पाणी करते.

ओढ्याच्या वरच्या अंगाला लहानसा बंधारा घालतात. तिथून थोडे पाणी पाटात वळवतात. पाट डोंगराच्या कडेकडेने एका टाकीपर्यंत जातो. टाकीत वाळू तळाला बसते. तोंडाला जाळी असते, तिच्यात पालापाचोळा अडकतो. टाकीतून जाड नळ सरळ खाली उतरतो. नळातून पाणी जोराने येते आणि पात्यांच्या चाकावर आदळते. या चाकाला टर्बाईन म्हणतात. चाक फिरते, जनित्र फिरते, तारेत वीज येते. पाणी परत ओढ्यात जाते. पाणी संपत नाही, नासत नाही. मोठे धरण नको, कुणाची जमीन बुडायला नको. खालच्या शेतकऱ्याला पाणी मिळतेच.

एक अडचण मात्र आहे. रात्री दहाला सगळ्यांनी दिवे मालवले, तर चाकावरचा भार एकदम कमी होतो. ओझे उतरलेल्या बैलासारखे चाक उधळते. विजेचा दाब वाढतो आणि जे दिवे चालू असतात ते जळून जातात. म्हणून वीजघरात एक नियंत्रक पेटी बसवतात. जास्तीची वीज ती पेटी एका तापणाऱ्या कांडीकडे वळवते. कांडी पाण्यात ठेवलेली असते. दिवे बंद, तर पाणी तापते. चाक आपल्या चालीने चालत राहते.

तुमच्या ओढ्यात किती वीज आहे?

हे तुम्ही स्वतः मोजू शकता. दोन मापे घ्यायची. पाणी किती, आणि उंची किती.

पाणी असे मोजा. बांध घालून ओढ्याचे पाणी एका पन्हळीतून सोडा. खाली २०० लिटरचे पिंप ठेवा. घड्याळ बघा. पिंप भरायला १० सेकंद लागले, तर दर सेकंदाला २० लिटर पाणी आहे.

उंची अशी मोजा. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. तीच नळी घ्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. त्या आधाराने वरून खालपर्यंत टप्प्याटप्प्याने काठीने मोजत या. सगळे टप्पे मिळवा. समजा, उंची १० मीटर भरली.

आता गुणाकार करा. २० गुणिले १० म्हणजे २००. त्याला पुन्हा १० ने गुणा. २,००० झाले. पण नळात, चाकात, जनित्रात जवळजवळ निम्मी शक्ती वाया जाते. म्हणून निम्मे धरा. हाती राहिले १,००० वॅट, म्हणजे एक किलोवॅट.

एक किलोवॅट म्हणजे किती? वीस घरांत प्रत्येकी ९ वॅटचे दोन एलईडी दिवे लावले, तर ३६० वॅट लागतात. उरलेल्या विजेवर शाळेचा टीव्ही चालेल, मोबाईल भरतील, रस्त्यावर चार दिवे लागतील. पण पाच अश्वशक्तीची पिठाची चक्की चालणार नाही. तिला पावणेचार हजार वॅटच्या आसपास लागतात. त्याकरता पाणी चौपट हवे किंवा उंची चौपट हवी.

मात्र मोजणी श्रावणात करू नका. श्रावणात प्रत्येक ओढा स्वतःला गंगा समजतो! मोजणी फाल्गुनात करा, चैत्रात करा. सह्याद्रीतले कितीतरी ओढे संक्रांतीनंतर आटू लागतात. ओढा सहा महिनेच वाहत असेल, तर सहा महिन्यांचीच वीज धरून चाला. पुढच्या सहा महिन्यांसाठी दुसरा मार्ग हवा. तो मार्ग डोक्यावरच आहे. सूर्य!

उन्हाची वीज

उन्हापासून वीज करायला चाक लागत नाही. सोलर प्लेट लागते. ती मुख्यतः सिलिकॉन या पदार्थाची असते. वाळूतही सिलिकॉन असते. ते फार शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या करतात. त्यावर ऊन पडले की वीज वाहू लागते. आवाज नाही, धूर नाही, तेल नाही.

लक्षात ठेवा, प्लेटला उन्हाची उष्णता नको, उजेड हवा. फार तापली तर प्लेट उलट थोडी कमी वीज देते. आपल्या देशात प्लेटचे तोंड दक्षिणेला ठेवतात आणि ती थोडी तिरपी लावतात. वर झाडाची फांदी नको. एका कोपऱ्यावर सावली पडली, तरी सगळ्या प्लेटची वीज पुष्कळ घटते. धूळ साचली तरी तेच. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर मऊ फडक्याने, साध्या पाण्याने प्लेट पुसावी. राखेने घासू नये. ते तवा नाही.

१०० वॅटची प्लेट चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४०० वॅट-तास वीज देते. वॅट-तास म्हणजे काय? ९ वॅटचा दिवा एक तास लावला, तर ९ वॅट-तास वीज खर्च झाली. असे १,००० वॅट-तास झाले की एक युनिट होते.

आता आपल्या वीस घरांचा हिशेब करू. घरटी ९ वॅटचे दोन दिवे, चार तास. म्हणजे घरटी ७२ वॅट-तास. वीस घरांचे १,४४० झाले. १०० वॅटच्या चार प्लेटा १,६०० देतात. काठावर पास! पण वीज साठवताना थोडी वाया जाते. ढगाळ दिवसही येतात. म्हणून सहा प्लेटा घ्याव्यात.

हेच दिवे जुने, ६० वॅटचे असते तर? घरटी ४८० वॅट-तास. वीस घरांचे ९,६००. नुसत्या दिव्यांसाठी चोवीस प्लेटा लागल्या असत्या. साधा दिवा बदलला आणि एवढा खर्च वाचला. वीज वाचवणे म्हणजे वीज तयार करणेच.

आणि आता ही गोष्ट बघा. एखाद्याने गुपचूप १,००० वॅटचा पाणी तापवायचा हीटर एक तास लावला. किती वीज गेली? १,००० वॅट-तास. म्हणजे जवळजवळ चौदा घरांची संध्याकाळ! एकाची अंघोळ झाली आणि चौदा घरांत अंधार झाला. वाडीच्या विजेत भांडण होते ते इथेच.

बॅटरी म्हणजे घरचा रांजण

ऊन दिवसा, दिवे रात्री. म्हणून वीज साठवायला बॅटरी लागते. प्लेट वीस वर्षांच्या वर टिकते. बॅटरी मात्र तेवढी टिकत नाही. शिसे-आम्लाची साधी बॅटरी नीट सांभाळली तर साधारण पाच वर्षे जाते. हेळसांड केली तर दोन वर्षांतच मान टाकते.

आम्ही एका वाडीवर गेलो होतो. घाट उतरून दोन तासांची पायवाट. छपरांवर प्लेटा चकाकत होत्या. आम्हांला वाटले, वा! इथे झकास उजेड असेल. संध्याकाळ झाली, तर घराघरात मिणमिणत्या चिमण्या. एका आजीबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘दादा, पहिली दोन वर्सं दिवा लई ब्येस जळला. मग मंद झाला. मग गेला. कुणी म्हनलं, पानी घाला. आम्ही हंड्यातलं घातलं.’’

प्लेटा चांगल्या होत्या. बॅटऱ्या मेल्या होत्या. बॅटरीत घालायचे पाणी वेगळे असते. त्याला डिस्टिल्ड वॉटर म्हणतात. ते दुकानात मिळते. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, ते बॅटरीला मारतात. आजीबाईंचा यात काय दोष? त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. डब्यावर लिहिले होते, पण ते वाचणारे कुणी नव्हते. अक्षर ओळखीचे असते, तर उजेड राहिला असता. साक्षरतेचा आणि दिव्याचा संबंध आम्हांला त्या दिवशी नीट कळला.

बॅटरी रांजणासारखी वापरावी, पण एक फरक आहे. रांजण तळापर्यंत रिकामा केला तरी चालतो. बॅटरी तशी रिकामी करू नये. निम्मी वापरावी, निम्मी ठेवावी. रोज तळ गाठला तर ती लवकर मरते. संचात एक छोटी पेटी असते, ती वेळ झाली की दिवे बंद करते. काही लोक ती पेटी काढून थेट तार जोडतात. दिवा थोडा जास्त वेळ जळतो खरा, पण बॅटरीचे आयुष्य जळते. आता लिथियमच्या बॅटऱ्याही मिळतात. त्यांना पाणी लागत नाही, त्या जास्त टिकतात. पण एकदम पैसे जास्त मोजावे लागतात.

पेटीतले पैसे

समजा, वीस घरांना चार मोठ्या बॅटऱ्या लागतात. एकीची किंमत १२,००० रुपये धरू. चारांचे झाले ४८,०००. त्या पाच वर्षे टिकतील. पाच वर्षांचे महिने साठ. ४८,००० भागिले ६०, म्हणजे महिन्याला ८०० रुपये. वीस घरांत वाटले, तर घरटी ४० रुपये. भाव कमी-जास्त होतील, पण हिशेबाची रीत हीच.

महिन्याला ४० रुपये जड नाहीत. पण पाच वर्षांनी एकदम ४८,००० आणायचे कुठून? थेंबे थेंबे तळे साचे. पहिल्या महिन्यापासून पैसे बाजूला काढावेत. घरात नव्हे, बँकेत. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, त्यात एक सही बाईची असावी. दर महिन्याला जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. जिथे हिशेब उघडा, तिथे मनही उघडे.

पुणे जिल्ह्यात डोंगरात दरेवाडी नावाची लहानशी वस्ती आहे. तिथे २०१२ साली उन्हावरचे वीजघर झाले. तिथून तारा घरोघर नेल्या आणि प्रत्येक घराला मीटर लावला. जो जितकी वीज वापरील, तो तितके पैसे देईल. मीटर असला की शेजारी शेजाऱ्यावर डोळे ठेवत नाही. मीटरच बोलतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बिहारमध्ये धरनई नावाचे गाव आहे. तिथे २०१४ साली १०० किलोवॅटचे उन्हाचे वीजघर उभे राहिले. मोठा गाजावाजा झाला. थोड्याच काळात सरकारी तारेची वीज आली. ती स्वस्त पडत होती. तिच्यावर मोठी यंत्रेही चालत. लोक तिकडे वळले. इकडे बॅटऱ्या थकल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत. काही वर्षांत वीजघर बंद पडले.

यात लोकांची चूक म्हणायची का? आम्हांला तसे वाटत नाही. जास्त वीज, स्वस्त वीज कुणाला नको? लहान वीजघर हे तारेला वैरी नव्हे. तार पोहोचेपर्यंत ते उजेड देते. तार तुटली की आधार देते. पण उद्या तार आली तर आपल्या वीजघराचे काय करायचे, हे आजच ठरवावे. पंपाला जोडायचे? शाळेला द्यायचे? की तारेलाच जोडून वीज विकायची? तहान लागल्यावर विहीर खणू नये.

दोन्ही मिळून

आषाढात आभाळ भरून येते. सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. सोलर प्लेट थकते. पण नेमका तेव्हाच ओढा दुथडी भरून वाहतो. चैत्रात ओढा आटतो, पण ऊन रणरणते. एक रुसला की दुसरा हसतो. म्हणून ज्या वाडीजवळ ओढा आहे, तिथे दोन्ही मिळून केले तर वर्षभर उजेड राहू शकतो.

पण ओढा असो की ऊन असो, एक गोष्ट कुठेच तयार मिळत नाही. ती म्हणजे सांभाळणारा माणूस. वाडीतलेच दोघे-तिघे शिकवून तयार करा. त्यांत मुलीही असू द्या. एकटा शिकला आणि पोट भरायला शहरात गेला, तर वीजघर पोरके होते. त्यांना महिन्याला थोडा मोबदला द्या. फुकटचे काम चार दिवस होते, मग राहून जाते.

बिलगावच्या लोकांनी दगड वाहिले होते, म्हणून त्यांना ते वीजघर आपले वाटत होते. आपले म्हटले की माणूस जपतो. सरकारने दिले, संस्थेने दिले, तरी पुसायचे आपणच, मोजायचे आपणच आणि हिशेब ठेवायचा आपणच. तसे केले, तर आपल्या अंगणातला दिवा विझणार नाही.

आता तुम्ही करून पाहा

१. तुमच्या ओढ्याखाली २०० लिटरचे पिंप २० सेकंदांत भरते. उंची १५ मीटर आहे. किती वॅट वीज मिळेल?

२. तुमच्या घरात किती दिवे आहेत? प्रत्येकावर किती वॅट लिहिले आहेत ते वाचा. रोज किती वॅट-तास वीज लागते?

३. तीस घरांना मिळून ५४,००० रुपयांच्या बॅटऱ्या लागतात. त्या पाच वर्षे टिकतील. दर महिन्याला घरटी किती रुपये बाजूला काढावे लागतील?

४. वाडीत कुणी चोरून हीटर लावला तर काय करावे? चार जणांनी बसून विचार करा आणि नियम वहीत लिहून काढा.